आई-बाबा, संस्थेची जबाबदारी मी घेतेय

बीड,
ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

विश्वस्त मंडळाचा ठराव झाला. 1 ऑक्टोबरपासून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवणाऱ्या आमच्या संस्थेची मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून मी काम बघणार. फोनवर सांगितलं तेव्हा आई, तू एकदम गप्प झालीस, आणि बाबांनी पहिला प्रश्न पगाराचा विचारला. दोघांचंही मला समजलं. पण फोनवर धड काही बोलता येईना, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

पगाराचंच आधी सांगते. पुण्यात कंपनीत मिळायचा त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त आहे. पीएफ कापला जातो, ग्रॅच्युइटी आहे, आरोग्य विमा आहे आणि त्यात आईवडिलांची नावं घालायची सोय मी मागून घेतली. नेमणूक पाच वर्षांची, दरवर्षी विश्वस्त कामाचा आढावा घेणार. हे सगळं मी ठरावात लिहून घेतलं. एका ज्येष्ठ विश्वस्तांना ते जरा खटकलं. सरांनी संस्था काढल्यापासून स्वतःसाठी पुरेसं मानधनसुद्धा कधी घेतलं नाही, त्यामुळे त्यांच्या जागी येणाऱ्या माणसाने पीएफचं विचारावं हे या विश्वस्तांच्या मनाला पटत नव्हतं. मी त्यांना शांतपणे सांगितलं की सरांबद्दल मला जो आदर आहे तो आहेच, पण माझ्यानंतर या खुर्चीवर येणारी मुलगी कदाचित घरातली एकटी कमावती असेल. तिला परवडणार नाही अशी जागा आपण तयार करून ठेवली, तर चांगलं माणूस येणार कुठून?

बाबा, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 साली निघाली आणि पाच-सहा वर्षांतच तिथल्या आजीव सदस्यांमध्ये यावरून फूट पडली. संस्थेला वाहून घेतलेल्या माणसाने बाहेरचं काम, बाहेरची कमाई करावी की नाही, हे भांडणाचं एक मोठं कारण होतं. टिळकांनी 1890 साली त्यातूनच राजीनामा दिला. गोखले राहिले, महिना 75 रुपयांवर सुमारे अठरा वर्षं सेवा करून 1902 मध्ये सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजमधून बाहेर पडले. पुढे 1905 साली त्यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली. तिच्या सदस्यांची शपथ तुम्ही वाचली असेल. स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी संस्था जे देईल त्यात समाधान मानायचं, असं त्यात आहे. आपण त्यातलं समाधान तेवढं लक्षात ठेवतो. कुटुंबाचा निर्वाह संस्थेने बघायचा, हेही त्याच वाक्यात आहे.

गोखले गेले 1915 साली, वयाच्या अवघ्या 48व्या वर्षी. त्यांच्या जागी श्रीनिवास शास्त्री आले आणि संस्था चालू राहिली. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला बायफ ही शेती-पशुपालनात काम करणारी संस्था उभी केली. 1993 मध्ये मणिभाई गेले, आणि त्यांच्यानंतर नारायण हेगड्यांनी ती पुढे नेली. मुलगा नाही, पुतण्या नाही, त्या कामात तयार झालेला माणूस. महाराष्ट्रात संस्था काढणारे पुष्कळ झाले आणि त्यांच्याविषयी आपण भरभरून बोलतो. दुसऱ्या-तिसऱ्या फळीने संस्था हातात घेऊन नीट चालवली, त्या माणसांची नावं मात्र आपल्या तोंडात नसतात. मला त्या फळीतली व्हायचंय, आणि ते कमी मोलाचं काम आहे असं मला अजिबात वाटत नाही.

आई, तू विचारलंस की तू तिथे नेमकं करणार काय, मुलांना शिकवणार का? शिकवणारे आहेत. माझं काम वेगळं आहे.

गळीत हंगामात आपल्या गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला ऊसतोड टोळ्यांच्या झोपड्या, कोप्या पडतात, त्या तू बघतेसच. आपल्या दीड एकरातला ऊसही याच टोळ्या तोडतात. ती माणसं इथली आहेत, शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीकडची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, हंगामाआधीच कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, आणि उचलीएवढी तोड भरली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावंच्या गावं ट्रॅक्टरवर चढतात. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, शेळी आणि त्या सगळ्यावर मुलं. मार्च-एप्रिलला परत येईपर्यंत शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. आजी-आजोबा गावात थांबणार असतील तर त्यांच्याजवळ मूल राहावं, त्याचं दोन वेळचं जेवण आणि अभ्यास गावातच व्हावा, यासाठी हंगामी वसतिगृहं. शासनाची योजना आहे, आणि जिथे ती पोचत नाही किंवा पुरत नाही तिथे आमची संस्था.

सगळ्यात अवघड प्रश्न मोठ्या मुलींचा. शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर सातवीतल्या एका मुलीची आई मला म्हणाली, "ताई, म्हातारीला दिसत नाही. हिला कुणाच्या जिवावर ठेवू? त्यापरीस लगीन लावून देते, म्हणजे घोर जाईल." लग्न लावलं की पुढच्या हंगामाला त्या दोघांचा नवा कोयता होतो, नवी उचल मिळते. ती बाई वाईट नव्हती गं, आई. उसाच्या फडात पाचटावर झोपताना वयात आलेली मुलगी जवळ असणं काय असतं हे तिने भोगलेलं होतं. आमच्या काळजीवाहक ताईने त्या वस्तीतल्या चार बायकांना एकत्र बसवलं. मुलगी रात्री कुणाकडे झोपेल, पाळी आली तर कुणाला सांगेल, आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेईल, हे सगळं आईच्या समोर ठरलं, नावानिशी वहीत लिहिलं, बायकांनी सह्या-अंगठे केले. त्या बायका पगारी नाहीत, स्वतःहून पुढे आल्या. रोज संध्याकाळी फडावर फोन लावून मायलेकींचं बोलणं करून द्यायचं, हेही वहीत आलं. मुलगी राहिली. आता दहावीला आहे.

हे काम त्या ताईचं आणि त्या चार बायकांचं. माझं काम हे की त्या ताईचा पगार सात तारखेला तिच्या खात्यात पडला पाहिजे, तिला चांगलं प्रशिक्षण मिळालं पाहिजे, स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे पैसे अनुदान लांबलं म्हणून अडता कामा नयेत, आणि किराणा दुकानदाराने उधारी बंद करण्याआधी मला कळलं पाहिजे. अशा ताया टिकल्या तर मुली टिकतात. एक ताई हंगामाच्या मध्यावर सोडून गेली की चार बायकांचा धीर सुटतो, आणि आई मुलीला फडावर बोलावून घेते.

बाबा, इथे मला तुमची आठवण फार येते. विकास सोसायट्यांची दप्तरं तपासून तुम्ही घरी यायचात आणि सांगायचात की सोसायटी बुडते ती चोरीने कमी आणि वेळेवर न लिहिलेल्या जमाखर्चाच्या किर्दीने जास्त. इथे तेच आहे. 2013च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 मुळे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आमचा बराचसा पैसा तिथून येतो. एप्रिल ते मार्च हे त्यांचं वर्ष. मंजुरी हातात पडेपर्यंत कधीकधी डिसेंबर उजाडतो, आणि आमची मुलं ऑक्टोबरपासून जेवत असतात. मुलांच्या ताटासाठी पैसे द्यायला कंपनी आनंदाने तयार होते. त्या ताटाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा पगार म्हटलं की हात आखडतात. परदेशी देणग्यांचंही तसंच. त्या देणग्यांच्या कायद्यातल्या 2020च्या दुरुस्तीनंतर त्यातले 20 टक्क्यांहून जास्त प्रशासनावर घालता येत नाहीत, आणि ती रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. हिशेब चोख हवा म्हणायचं आणि हिशेबनीस ठेवायला पैसे द्यायचे नाहीत, हे मला पटत नाही, आणि देणगीदारांना हे तोंडावर सांगायचं मी ठरवलंय. सरांना ते संकोचाने जमलं नाही. मला जमेल असं वाटतं. तीन महिन्यांच्या खर्चाएवढा राखीव निधी उभा करायचा, हे माझं पहिल्या दोन वर्षांचं काम विश्वस्तांनी ठरावात घातलंय.

आणि दुसरं काम, जे खरं तर तुमच्यासाठीही आहे. दिवाळीला मला येता येणार नाही. टोळ्या निघतात ते दिवस तेच. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटतंय. पण आई, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, बाबांची शुगर, हे माझ्या डोक्यात रोज असतं. सरांच्या आई गेल्या तेव्हा सर फडावर होते. अजून त्यांना ते बोलवत नाही. लोक ती गोष्ट भाषणात त्याग म्हणून सांगतात आणि मला दरवेळी वाटतं की त्या दिवशी त्यांच्या जागी उभं राहील असं दुसरं माणूस संस्थेत असतं तर ते आईजवळ असते. म्हणून मी पद घेण्याआधीच दोन अटी घातल्या. कार्यक्रम बघायला एक आणि हिशेब-कायदा बघायला एक, असे दोन उपप्रमुख नेमायचे, आणि धनादेशावर सही करण्यापासून तहसीलदारांना भेटण्यापर्यंतचे अधिकार लेखी त्यांना द्यायचे. विश्वस्तांनी एक नाव नक्की केलं आहे. ती मुलगी इथलीच, ऊसतोड कामगाराची, समाजकार्यात एम.ए. केलेली. तिला मी जेवढ्या लवकर तयार करीन तेवढ्या निश्चिंतपणे पंधरा दिवस तुमच्याजवळ येऊन राहीन. त्यामुळे ऑपरेशन हंगाम संपेपर्यंत लांबवू नकोस. डॉक्टर जानेवारी म्हणाले तर जानेवारी. मी येते.

बाबा, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि विश्वस्त बदलाचा धर्मादाय कार्यालयात दिलेला चेंज रिपोर्ट, दोन्हींच्या प्रती कुरियरने पाठवतेय. सूत्रं घेण्याआधी तुमच्या नजरेखालून जाऊ देत. जिथे शंका येईल तिथे पेन्सिलने खूण करा, विशेषतः येणे बाकी आणि मुदत ठेवींच्या पानांवर. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात विश्वस्तांची बैठक आहे, त्याआधी फोनवर एकेक पान घेऊ.

आई, चकलीची भाजणी थोडी जास्त कर आणि पाठव. इथे आम्ही पुष्कळ जण आहोत.

तुमची लेक