सूचना: रविवारची कॉफी चाखणी

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी ८ वाजता कोथरूडच्या नेहमीच्या कॅफेत जमायचं आहे. चिकमगळूरची एकच अरेबिका (कॉफीची एक जात) व्ही६० (कागदी गाळणीचा शंकू), फ्रेंच प्रेस (दट्ट्याची जाळी असलेलं भांडं) आणि एरोप्रेसवर (हाताने दाबून कॉफी गाळायची नळी) करून चाखू.

– प्रमाण तिन्हीकडे तेच: १५ ग्रॅम कॉफी, २२५ मिली पाणी, साधारण ९३ अंश.
– व्ही६०वर आधी ४५ मिली ओतून ३० सेकंद थांबा. भुकटीतला वायू निघाला नाही तर पाणी सारखं मुरत नाही. चार मिनिटांनंतरही गळतच असेल तर दळण फार बारीक झालंय, कॉफी कडू होणार.
– फ्रेंच प्रेसला दळण जाडसर, ४ मिनिटं. तळाचा गाळ कपात ओतू नका.
– अत्तर, पान, तंबाखू नको.

दूध-साखर शेवटी, तीही हट्टच असेल तर! कप कोमट झाल्यावर पुन्हा घोट घ्या, आंबटपणा तेव्हा जास्त कळतो.

जागा आठच. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.