पेन्सिलीने भरलेला फॉर्म

चि. सोनूस,

(घराबाहेर सोनू म्हणायचं नाही असं ठरलंय. पण हे पत्र घरातच वाचायचं आहे, तेव्हा चालवून घे.)

परवा रात्री तू दाराआडून म्हणालीस, "बाबा, बोलू नकोस. काय ते लिहून दे." मी सहलीचा फॉर्म हातात धरून तुझ्या खोलीबाहेर उभा होतो आणि प्रश्नामागून प्रश्न विचारत होतो. चूक माझीच होती. तुझं पहिल्या प्रश्नाचं उत्तर तयार होईपर्यंत मी पाचव्या प्रश्नावर पोचलेला असतो, शिवाय माझा आवाज चढतो आणि तो चढलाय हे मला सोडून सगळ्यांना कळतं. म्हणून लिहितोय. सावकाश वाच.

सहलीबद्दल शेवटी लिहितो. आधी शाळेतल्या त्या घंटेबद्दल लिहायचं आहे.

प्राथमिक शाळेत तुला एक बाई, एक वर्ग आणि एक बाक होता. माध्यमिकला आलीस आणि दर तासाला शिक्षक बदलू लागले, प्रयोगशाळा एका टोकाला, संगणकाची खोली दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या जिन्यात सगळी शाळा एकाच वेळी उतरणार. तू तक्रार केली नाहीस. रविवारी संध्याकाळी तुझं पोट दुखायचं, एवढंच. मी डॉक्टर केले, ओवा-काढे केले, आणि प्रत्येक वेळी वर एक वाक्य जोडलं, "सवय होईल गं." हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा म्हटलं असेल ते तुझ्याकडे बहुतेक मोजून ठेवलेलं असेल.

मग एकदा तुझी इतिहासाची वही चाळली. प्रत्येक तासाचं लिखाण शेवटी तुटलेलं. 'या करारामुळे' आणि पुढे कोरं. 'याची तीन कारणे' आणि कारणं दोनच. शिक्षकांचा शेरा होता, लिहिण्याचा वेग वाढवावा. मी तुला विचारलं तेव्हा तू इतक्या सहज सांगितलंस, जणू सगळेच तसं करतात: घंटा व्हायच्या दोन मिनिटं आधी तू पेन खाली ठेवतेस, कारण घंटा वाजेल तेव्हा दोन्ही हात कानांवर न्यायला मोकळे हवेत. घंटा तुझ्या बाकाच्या थेट मागे, दारावर होती. दिवसातून आठ तास, आठ वेळा दोन मिनिटं. वेगाचा प्रश्नच नव्हता.

तिथून मी दुसऱ्या टोकाला गेलो. जिन्यात तू कठड्याला धरून जागीच थिजलीस आणि शाळेतून फोन आला, त्यानंतर मी तुला सरळ घरीच ठेवलं. नऊ दिवस. पहिल्या दोन दिवसांत तुझा चेहरा उजळला, तू पुन्हा गुणगुणायला लागलीस, आणि मला वाटलं, जमलं. दहाव्या दिवशी तुला बूटसुद्धा घालता येईनात. एक मोजा तू चार वेळा उलटा-सुलटा केलास, शिवण बोटांना लागते म्हणून, आणि मग तो हातात घेऊन तशीच बसून राहिलीस. पावणेआठ वाजले, आठ वाजले. आपण गेलो नाही.

त्या सुट्टीत काय घडलं ते मला नंतर समजलं. भीती वाटणाऱ्या गोष्टीपासून लांब राहिलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं. मेंदू त्या सुटकेची नोंद 'वाचलो, म्हणजे धोका खराच होता' अशी करून ठेवतो. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते. म्हणजे मी प्रेमाने तुझ्या भीतीला नऊ दिवस खाऊपिऊ घातलं.

समुपदेशक ताईंनी तेव्हा एकच प्रश्न विचारला, आणि तोच या पत्रात मला तुझ्या हातात द्यायचा आहे. "यातलं तिला घाबरवतं काय, आणि दुखवतं काय?" बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पोट दुखतं, हात गार पडतात, पाय उचलत नाहीत. पण भीतीला थोडं थोडं सामोरं गेलं की बहुतेक वेळा ती ओसरते. कानाला जे टोचतं ते रोज ऐकून टोचायचं थांबेलच असं नाही, तिथे घंटा किंवा बाक हलवावा लागतो. मी घंटेला 'सवय होईल' म्हणालो आणि वर्गाच्या भीतीला 'राहू दे, घरी थांब' म्हणालो. नेमकं उलट.

पुढचं तुला माहीत आहे. बाक घंटेपासून लांब, भिंतीलगत गेला. जिना रिकामा असताना उतरता यावा म्हणून पाच मिनिटं आधी निघायची परवानगी मिळाली. शिक्षक बदलणार असतील तर आदल्या दिवशी निरोप येऊ लागला. हे दुखण्यासाठी. भीतीसाठी पायऱ्या केल्या: वर्गात उत्तर देणं ही भीती होती, मग सरांनी सकाळीच प्रश्न चिठ्ठीवर दिला आणि तू आधी लिहून दाखवलंस, नंतर वाचून, नंतर न वाचता. सगळ्याला दोन महिने लागले आणि मधे तीन आठवडे आपण दुसऱ्या पायरीवरच होतो. मी धीर सोडला होता, तू नाही.

बाहेर जायचंय हे सांगायला शाळेने दिलेलं लाल कार्ड मात्र साफ फसलं. कार्ड काढलं की सगळा वर्ग वळून बघायचा. त्यावर तू खोडरबर उभा ठेवायची युक्ती काढलीस. आडवा खोडरबर म्हणजे ठीक, उभा म्हणजे मी दोन मिनिटं बाहेर जातेय. बाईंना कळतं, बाकी कुणाला पत्ता नाही. आम्ही मोठी माणसं दोन बैठका घेऊन ते कार्ड काढलं होतं.

"शाळेत तर अगदी शहाणी असते," असं मला अजून सांगतात. ते खरंच आहे आणि म्हणूनच तू घरी येऊन दप्तर फेकतेस. दिवसभर कुणाकडे कधी बघायचं, किती हसायचं, हात कुठे ठेवायचे याचा हिशेब डोक्यात चालू ठेवायचा, तर संध्याकाळपर्यंत काहीच शिल्लक उरत नाही. दार उघडल्या उघडल्या "काय झालं आज?" विचारायचं मी बंद केलंय. कधी जीभ घसरते, तेव्हा खुशाल दार लावून घे.

आता त्या शब्दाबद्दल. तू विचारलं होतंस की कागदावर 'स्वमग्नतेची लक्षणे' का लिहिलंय, तू स्वतःत मग्न कुठे असतेस? मलाही तो शब्द रुचत नाही. शेजारच्या खोलीतल्या ट्यूबलाइटची गुणगुण जिला ऐकू येते ती स्वतःत मग्न कशी? हा शब्द 'ऑटिझम'वरून आला आणि त्याच्या मुळाशी 'स्वतः' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी ऑटिझम असलेल्या ११ मुलांबद्दल लिहिलं, त्यात मुली ३. पुढच्याच वर्षी हान्स आस्पर्गर या डॉक्टरांनी असेच ४ मुलगे वर्णिले, मुलगी एकही नाही. त्याआधी, १९२५ च्या सुमारास, ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी अशाच ६ मुलग्यांबद्दल लिहिलं होतं आणि आवाज-वासाचा त्रासही टिपला होता. तो त्रास निदानाच्या अमेरिकी निकषांत यायला २०१३ उजाडलं. आकडे तू तपासशीलच. तुझ्यासारख्या मुली उशिरा का लक्षात येतात, याचं निदान एक कारण या आकड्यांत दिसतं.

डेमियन मिल्टन हे समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो: तुला इतरांचं कळत नाही तितकंच इतरांना तुझं कळत नाही. परवा दारात मला तेच आठवायला हवं होतं. "कसं वाटतंय?" विचारल्यावर तू "माहीत नाही" म्हणतेस, आणि मी वर्षभर त्याला टाळाटाळ समजलो. तुला खरंच माहीत नसतं. आता मी "हात गार आहेत का?" असं विचारतो आणि तू लगेच सांगतेस.

तर सहल. दोन रात्री, चौथीच्या वेळेसारखीच बस, खोलीत चौघी. मी परवा "जाऊन तर बघ" म्हणत होतो आणि आई "नको असेल तर नको" म्हणत होती. आम्ही दोघांनीही तो प्रश्न विचारलाच नाही. मला उत्तर ठाऊक नाही. बसमधलं ओरडणं दुखणं आहे असा माझा अंदाज, त्यावर कानावरचे हेडफोन आणि पुढची सीट मागता येईल. खोलीत चौघींपैकी दोघी अनोळखी, ही भीती असावी, त्यावर आधी एकदा त्या दोघींना भेटता येईल. रात्रीचं काय ते मला कळत नाही. पाठीमागे दोन रकाने आखून ठेवलेत, एकावर 'घाबरवतं', दुसऱ्यावर 'दुखवतं'. कुठलं कुठे ते तू लिही. दोन्हीत बसत नसेल तर तिसरा रकाना आख. पहिल्या रात्रीनंतर घ्यायला यायचं ठरलं तर गाडी मी काढीन, आणि तुझं उत्तर सरळ 'नको' असेल तर तेही लिही.

मुदत शुक्रवारची आहे. फॉर्म मी पेन्सिलीने भरून तुझ्या कंपासमध्ये ठेवलाय, खोडरबराखाली. खोडरबर आडवा आहे.

तुझा,
बाबा