शाळेच्या दोन खोल्यांमधली भिंत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेची नवी इमारत बांधण्याचे ठरले असून तिचा आराखडा नुकताच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांपुढे ठेवण्यात आला. एका रांगेत दोन खोल्या, मध्ये पक्की भिंत, पुढे चार फुटांचा व्हरांडा आणि वर स्लॅब, असे त्याचे स्वरूप आहे. शाळेला हक्काची इमारत मिळते आहे याचा मलाही आनंद आहे. परंतु माझी बहुतेक नोकरी दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या द्विशिक्षकी शाळांत झाली असल्याने, पाया खणला जाण्यापूर्वी मला काही गोष्टी मांडाव्याशा वाटतात.

पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि शिक्षक दोन, ही कोकणातल्या वाडीवस्तीवरच्या शाळेची नेहमीची स्थिती आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली असावी लागते. त्या खोल्यांमधली भिंत कायमची असावी, असे मात्र कायदा म्हणत नाही. एक शिक्षक बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याला दोन्ही खोल्या सांभाळाव्या लागतात. अशा कितीतरी दिवशी मी दोन दारांच्या मधोमध व्हरांड्यात उभी राहून शिकवले आहे. चौथीला गणिते घालून पहिलीकडे वळावे, तर ज्या मुलाचे गणित अडले आहे ते भिंतीपलीकडे राहते, आणि ते अडले आहे हे मला कळेपर्यंत त्याने पाटी बाजूला ठेवलेली असते. चौथीतली मुलगी पहिलीतल्या भावाला फार छान वाचून दाखवते आणि त्यात तिचे स्वतःचे वाचनही पक्के होते; पण त्यासाठी तिने आधी ‘बाई, पलीकडे जाऊ?’ असे विचारावे, ही व्यवस्था आपण सिमेंटमध्ये कायमची का करून ठेवावी?

एका आश्विनात मी भरती-ओहोटी हा विषय चारही वर्गांना एकत्र घेतला होता. मच्छीमार घरांतील मुलांना ठाऊक असते की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास समुद्र भरलेला आणि दुपारी बाराच्या आसपास सुकती. पहिलीच्या मुलांनी रोजचा चंद्र काढून तिथी मोजल्या, दुसरीने घरच्या माणसांना विचारून वेळा टिपल्या, तिसरीने त्या घड्याळात दाखवल्या आणि चौथीने अपूर्णांकांनी पडताळून पाहिल्या. आमच्या आधीच्या पिढ्यांनी पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, नुसती पाठ केली होती, या मुलांना ती समुद्रावर सापडली. मात्र पंधरा दिवसांचा तक्ता मांडायला सलग जमीन हवी होती आणि ती दोन्ही खोल्यांत नव्हती. शेवटी आम्ही तो व्हरांड्यात खडूने आखला, आणि तिसऱ्याच दिवशी परतीच्या पावसाने तो धुऊन नेला. पुन्हा आखला, परंतु पहिल्यासारखा तो झाला नाही.

म्हणून माझी पहिली मागणी मधल्या भिंतीविषयी आहे. वरचा भार तुळईने पेलला तर ती भिंत विटांची असण्याचे कारण उरत नाही. आपल्याकडच्या जुन्या बाजारपेठांत दुकाने बंद करण्यासाठी खाचेत सरकवायच्या क्रमांक घातलेल्या फळ्या असत. तशाच फळ्या येथे बसवल्या तर हव्या तेव्हा दोन वर्ग आणि हवी तेव्हा एक मोठी खोली मिळेल, शिवाय खाऱ्या हवेत गंजण्यासारखे त्यात काही नाही. वाळवीची काळजी घ्यावी लागेल, हे मान्य आहे. एका वर्गाचा आवाज दुसऱ्याकडे जाईल, हा आक्षेपही बैठकीत आला. पण पत्र्याच्या छपराखाली आषाढातल्या पावसात दुसऱ्या ओळीपर्यंतही आवाज न पोहोचण्याचा अनुभव घेतलेल्या आम्हां शिक्षकांना त्याचे फार भय वाटत नाही.

दुसरी गोष्ट पडवीची. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो अशा मुलखात चार फुटांचा व्हरांडा म्हणजे केवळ चपला काढण्याची जागा होते. आठ-दहा फूट रुंद, वर उतरते छप्पर आणि कडेला मुलांच्या उंचीचा चिऱ्याचा कट्टा असलेली पडवी हा तिसरा वर्गच ठरेल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात शाळांची छपरे उडालेली आम्ही पाहिली आहेत, त्यामुळे स्लॅबचा आग्रह मी समजू शकते. मात्र समुद्राजवळ सळ्या गंजून स्लॅबचे पोपडे पडतात, तेव्हा त्याच्यावरही उतरते छप्पर नीट जखडून घालावे.

आराखड्यात अंगणवाडी कुठेच नाही, याचे मला सर्वांत अधिक वाईट वाटते. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत भरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा एकच टप्पा मानला आहे, म्हणजे अंगणवाडीतले मूल आणि दुसरीतले मूल एकाच वाटेवर आहेत. हा विचार कोकणाला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीच्या किनाऱ्यावर बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका आवारात आणणारी विकासवाडी उभी केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. आमच्या शाळेमागे अंगणवाडीची एक खोली सहज मावेल एवढी जागा आहे आणि तिचे दार पहिली-दुसरीच्या बाजूच्या पडवीत उघडता येईल.

पायाची आखणी दिवाळीनंतर होणार आहे. आराखडा करणाऱ्या अभियंत्यांनी त्याआधी एक दिवस, शक्यतो पाऊस असताना आणि शाळेत एकच शिक्षक हजर असताना, साडेदहा ते पाच आमच्या मुलांबरोबर बसावे आणि मगच मधल्या भिंतीची रेघ कागदावर ओढावी, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी