बाळाच्या रिपोर्टवर मोठ्या माणसाची मोजपट्टी

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

काल पत्र आलं. 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' सात महिन्यांपूर्वी बाळाच्या रक्ताच्या रिपोर्टबद्दल एका सरकारी कार्यालयात मी अर्ज दिला, तेव्हा साहेबांनी महिन्याभरात चौकशीचा शब्द दिला होता. म्हणून आता चारचौघांत लिहिते.

माझी मुलगी पूर्ण दिवसांची, जन्मताच टाहो फोडणारी. दुसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी १,३२,०००, पुढे ठळक 'लो', शेजारी छापलेलं: नॉर्मल १,५०,००० ते ४,५०,०००. मागच्या पावसाळ्यात ह्यांना डेंग्यू झाला, तेव्हाच्या रिपोर्टवर हीच ओळ होती. चाळिशीचा बाप आणि एका दिवसाची लेक, दोघांना एकच माप!

मेंदूत रक्तस्राव होईल, डॉक्टर म्हणाले, आणि लेकीला काचेच्या पेटीत ठेवलं. चार दिवस. रोज टाच टोचायची. माझ्या पेराएवढी ती टाच जांभळी पडली होती. ओल्या टाक्यांनी मी जिन्यात बसून वाटीत दूध पिळायचे, वाटी आत जायची, मी बाहेर. बिल पंचावन्न हजार. पाटल्या अजून गहाण आहेत.

शेवटी दुसरीकडच्या एका पॅथॉलॉजिस्ट बाईंनी रक्त काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या होत्या, आणि गुठळीतल्या प्लेटलेट मशीनला मोजता येत नाहीत. टाचेच्या रक्तात हे नेहमीचं, असं त्या म्हणाल्या. पाच मिनिटांचं काम, पण चार दिवसांत कुणी केलं नाही.

बरं, तो आकडा खरा असता तरी? २००९ साली अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त नवजात बाळांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पूर्ण दिवसांच्या बाळांत खालची मर्यादा निघाली साधारण १,२३,०००, बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांत १,०४,०००. पहिल्या काही दिवसांत आकडा थोडा उतरतो, मग आठवड्यांनी चांगलाच चढतो. म्हणजे दिवसागणिक माप वेगळं. पण त्या नोंदी दवाखान्यात काही ना काही कारणाने रक्त तपासलेल्या बाळांच्या. निरोगी बाळाला कोण टोचणार? म्हणूनच आपल्या मुलांचं माप काढायला सरकार हवं. नाळेतलं रक्त तर टाकूनच देतात. आईला विचारून त्यातलं दोन मिली घ्या, जन्माच्या वेळचं माप मिळेल. पुढच्या दिवसांसाठी काविळीच्या तपासणीला रक्त घेतात, त्याच टोचण्यातलं थोडं रक्त न गोठू देणाऱ्या नळीत घ्या. एकाही बाळाला जादा टोचावं लागणार नाही.

आणि तोवर प्रत्येक लॅबला सांगा: नवजात बाळाच्या रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापायची नाही, आणि प्लेटलेट कमी आल्या तर काचपट्टी पाहिल्याशिवाय रिपोर्ट सोडायचा नाही.

भाजीवाल्याच्या काट्याला वैधमापनचा शिक्का लागतो. लॅबच्या कागदावर कुणाची मर्यादा छापली आहे, हे कोण पाहतं? दवाखाने आणि लॅबना नियम लावणारा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा. महाराष्ट्राने तो घेतलाच नाही, १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावर रेटणं चालू आहे. मतं मागायला येता तेव्हा आमची मुलं कडेवर घेता. मग त्यांच्या रक्ताचा हिशेब कुणाकडे मागायचा?

दोन्ही रिपोर्टच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, बापाचा आणि लेकीचा. शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि हे पत्र कुठेही वर्ग करू नका, तुम्हीच उत्तर द्या.

आपली,
सांगली जिल्ह्यातील एक आई