तुटलेला कान आणि दुसरी आकृती

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी इथे सिडनीच्या न्यू साउथ वेल्स कलासंग्रहालयात एका शिल्पासमोर उभा असताना तुझी फार आठवण झाली. कारण ऐकून हसशील. कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असताना अँटिकच्या, म्हणजे प्राचीन शिल्पांच्या प्लास्टर प्रतींवरून रेखाटन करायच्या वर्गात तुझ्या ड्रॉइंग बोर्डाचा धक्का लागून ग्रीक मस्तकाचा कान उडाला होता आणि आपण वाटीभर प्लास्टर कालवून तो घाईघाईने चिकटवला होता. शिपाईकाका मात्र शांतपणे म्हणाले होते, "साचा आहे ना कुठेतरी, दुसरं येईल."

ते शिल्प इटालियन कलावंत जुलिओ पाओलिनी यांचे, १९८४ सालचे. पाओलिनी यांचा जन्म १९४० साली जेनोआला झाला आणि कारकीर्द तुरिनमध्ये घडली. दोन पांढऱ्या चौथऱ्यांवर प्लास्टरचे दोन अभिजात वळणाचे, अगदी सारखे अर्धपुतळे आहेत आणि दोघांचीही नजर खाली, जमिनीवर विखुरलेल्या तुकड्यांकडे लागलेली आहे. ते तुकडे तशाच तिसऱ्या पुतळ्याचे आहेत. मी वाकून पाहिले, तर एका तुकड्याची आतली बाजू खडबडीत आणि खडूसारखी भुरभुरीत, बाहेरची मात्र त्वचेसारखी नितळ होती. नाव आहे 'ल'आल्त्रा फिगूरा', म्हणजे 'दुसरी आकृती'. पण तिघांतली दुसरी कोणती, याचा पत्ता लागत नाही. फुटलेली म्हणावी, तर उभ्या असलेल्या दोघीही त्याच वाणाच्या प्रती आहेत आणि अस्सल असे तिथे काहीच नाही. काकांच्या हिशेबाने इथे शोक करण्यासारखे काही घडलेले नाही, तरी ते दोघे शोक करत असल्यासारखे दिसतात, आणि मला ते खरे वाटले.

प्लास्टर म्हणजे नक्कल, हे आपल्या डोक्यात वर्गातच पक्के बसले होते. दोन वर्षांपूर्वी इटलीच्या व्हेनेतो प्रांतातल्या पोसान्यो गावी संगमरवरी शिल्पांसाठी गाजलेल्या कानोव्हा या शिल्पकाराची प्लास्टरशिल्पे पाहिली, तेव्हा ते डळमळले. कानोव्हा आधी मातीत घडवी, तिच्यावरून प्लास्टरची प्रतिमा ओतून घेई, तिच्यावर धातूचे बारीक खिळे ठोकी आणि त्या खिळ्यांमधली मापे घेऊन मदतनीस संगमरवर कोरत. ते खिळे अजूनही तसेच आहेत. देवतांच्या गोऱ्या अंगावर गोवर उठल्यासारखे दिसतात. म्हणजे तिथे प्लास्टर आधीचे आणि संगमरवर नंतरचे! पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, तिथे तोफगोळे पडले आणि अनेक प्रतिमांची मोडतोड झाली. पुढे त्या पुष्कळ कष्टाने सांधल्या. आणि २०२० साली एक पर्यटक छायाचित्रासाठी तिथल्या पाओलिना बोर्गेझेच्या, म्हणजे नेपोलियनच्या बहिणीच्या प्लास्टर प्रतिमेवर टेकला, तर तिच्या पायाची बोटे मोडली. तिथे "दुसरं येईल" म्हणायची सोय नव्हती.

हे पाहिल्यावर यानिस कुनेल्लिस या कलावंताची १९७३ सालची कृती मला अधिक कळली. ग्रीसमध्ये जन्मलेला हा माणूस १९५६ साली रोमला आला आणि तिथलाच झाला. अपोलोच्या प्लास्टर पुतळ्याचे तुकडे टेबलावर मांडून, त्याच देवाचा मुखवटा स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरून तो नुसता बसून राहिला. आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेतून काढून पाण्यात सोडतात, पण इथे ती टेबलावर ठेवून तिच्यासमोर बसायचे, आणि तेही तिच्याच तोंडाने.

इटलीतल्या पिएत्रासान्ताला स्थायिक झालेले पोलिश शिल्पकार मितोराय यांचे ब्राँझमधले भग्न चेहरे तुला आवडतात, हे ठाऊक आहे. मला ते जरा जास्तच देखणे वाटतात. त्यांच्या भेगा ठरवून, नीट बसवलेल्या असतात. त्या तुकड्यांकडे पाहताना काही पडल्याचा आवाज मला ऐकू येत नाही, पाओलिनींसमोर आला. यावर तू भांडशील, भांड.

पुढच्या खेपेला कॉलेजात गेलास, तर ते मस्तक अजून तिथे आहे का आणि डाव्या कानामागे आपल्या प्लास्टरचा सांधा दिसतो का, एवढे पाहून कळव.

तुझाच,
सिडनीकर