सेमीकोलनपुढच्या त्या ओळींसाठी

आदरणीय मॅडम,

फोनवर आभार मानायला गेलो तर शब्दच फुटेना, म्हणून लिहितोय.

मेनफ्रेमला, म्हणजे आमच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाला, दुसरं ओएसए कार्ड (नेटवर्कला जोडणारं कार्ड) जोडलं ते एक बंद पडलं तरी काम थांबू नये म्हणून. झालं भलतंच. पहिलं कार्ड गेलं की टर्मिनलं व्यवस्थित चालायची, पण आमच्याकडून बाहेर जाणाऱ्या फायली अडकायच्या. रात्रीची बॅच लटकायची आणि सकाळी जाब आम्हाला. ज्यांना सल्ल्याचे पैसे मोजले त्यांनी आधी ‘कार्ड बदला’ म्हटलं, मग ‘आयपीएल करा’, म्हणजे अख्खी यंत्रणा पुन्हा सुरू करा. मागितलेलं नेटस्टॅटचं (नेटवर्कची स्थिती दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट पाठवलं, ते त्यांनी उघडूनही पाहिलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिल्यांदाच विचारलंत, “बाहेर जाताना पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता कुठला असतो?” तिथेच गाठ सुटली. राउट, म्हणजे पॅकेटांची ठरलेली वाट, दुसऱ्या कार्डावर गेला की नव्या कनेक्शनवर त्या कार्डाचा पत्ता लागायचा आणि पलीकडची फायरवॉल त्या अनोळखी पत्त्याला दारातच अडवायची. टर्मिनलं येत होती जुन्याच पत्त्यावर, आणि तो पत्ता दुसरं कार्ड सांभाळून घेत होतं. म्हणून त्यांना झळ नव्हती. कुठल्याच कार्डाला न बांधलेला व्हीआयपीए, म्हणजे आभासी पत्ता, आणि बाहेर जाताना तोच लागावा म्हणून सोर्सव्हीआयपीए ही सेटिंग, एवढ्यावर काम भागलं.

पण माझ्या मनात घर करून राहिलंय ते त्यानंतरचं. फायली जाऊ लागल्या, सगळे उठले. तुम्ही नेटवर्कच्या सेटिंग्जची फाइल, म्हणजे प्रोफाइल, पुन्हा उघडलंत आणि प्रत्येक राउटच्या वर सेमीकोलन देऊन (त्यापुढचं यंत्र सोडून देतं, ते फक्त माणसासाठी) लिहीत बसलात: ही वाट कुणासाठी, कुठल्या कार्डावरून, का. राउटची यादी जिथून सुरू होते त्या बिगिनराउट्सच्या डोक्यावर तुम्ही लिहिलंत, “एकच राउट बदलायचा असला तरी सगळे इथे लिहा. ओबेफाइल चालवली की आधीचे स्थिर राउट जातात.” (ओबेफाइल म्हणजे चालू यंत्रणेतच सेटिंग्ज बदलणारी कमांड.) हे कुणी मागितलं नव्हतं. त्याचं बिल लागणार नव्हतं. तुमच्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्या, तुम्ही कधीही न पाहिलेल्या माणसाची काळजी तुम्ही केलीत.

या क्षेत्रात हुशार माणसं पुष्कळ भेटली. बरीचशी आपलं ज्ञान मुठीत धरून बसतात, कारण त्यावरच त्यांना पुन्हा बोलावणं येतं. चांगुलपणा मला तुमच्या त्या साध्या, नीट शुद्ध लिहिलेल्या ओळींत दिसला.

परवा नव्या सहकाऱ्याला एक राउट वाढवायचा होता. तुमची ओळ वाचून त्याने जुने सगळे राउट नव्या मेंबरमध्ये (फाइलमध्ये) आधी उतरवले आणि मगच ओबेफाइल चालवली. एकही कनेक्शन तुटलं नाही. मॅडम, हे तुम्हाला कळावं असं फार वाटलं.

तुमचा ऋणी