भाकरी कोणी सोडली?

कोथरूड, पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी बंद करून तिथेही ऊस लावल्याचे तू कळवलेस आणि पुढे लिहिलेस की, 'तुम्ही शहरातल्यांनीच भाकरी सोडली, मग आम्ही पेरायची कोणासाठी?' हे वाक्य चार दिवस माझ्या मनातून गेले नाही. ते मला पटलेले नाही.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मूळच्या तुमच्याच भागातल्या; राहतात पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत. लहानपणी गव्हाची पोळी त्यांनी सणालाच पाहिली, आता मात्र घरी रोज चपाती आणि भात असतो, आणि ज्वारी आणली जाते ती पाहुणा आला तर. त्यांची आवड बदलली, असे म्हणण्यास मी धजणार नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात ज्वारी-बाजरीसारखे भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती, तरी त्यांच्या रेशन दुकानात वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळच येत राहिला. 2023 पासून तर तो फुकट मिळतो, आणि मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात चांगली मालदांडी ज्वारी गव्हापेक्षा महाग असते. पै-पै मोजून संसार करणारी बाई फुकटचा गहू सोडून विकतची ज्वारी कशी आणील?

1965 साली धान्य खरेदी करणारे अन्न महामंडळ आणि पिकांचे भाव सुचवणारा कृषी मूल्य आयोग स्थापन झाले, तेव्हा देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता. त्या वेळचा निर्णय योग्यच होता. परंतु पुढे हमीभाव वीसहून अधिक पिकांना जाहीर होत राहिला आणि सरकारची खरेदी मुख्यतः गहू-तांदळाचीच राहिली. पाणी, बियाण्यांवरचे संशोधन आणि गोदामे त्याच पिकांमागे गेली. सरकारने जे विकत घेतले, तेच गरिबाच्या ताटात आले.

तुझ्या उसाचेही तसेच आहे, म्हणून मी तुला दोष देत नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला तो शेतकऱ्याच्या हितासाठीच; नंतर हेच कारखाने आमदारकीच्या वाटेवरचे मुक्काम झाले. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर आहे, 14 दिवसांत पैसे देण्याचे कायद्याचे बंधन आहे. ज्वारीला ना संचालक मंडळ, ना निवडणूक. तिचा एकरी उतारा कमी, आणि काढणीला मजूर मिळत नाहीत, हेही मी जाणतो.

मावशींचा नातू सकाळी चहाबरोबर पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा खातो. त्यात मैदा, साखर आणि पामतेल. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. पॅकबंद ज्वारीच्या पिठावरही 5 टक्केच आहे. वाढत्या वयाच्या मुलाच्या तोंडी काय जावे, याचा विचार हा दर ठरवताना कोणी केला असेल, असे मला वाटत नाही, आणि त्याची मला मनापासून चीड येते.

एक विनंती आहे. पुढच्या हस्ताच्या पावसावर एक एकर तरी मालदांडी पेर. आमच्या इमारतीतली सहा घरे आपापले कट्टे आधीच सांगून ठेवायला तयार आहेत, आणि मावशींच्या घरचा कट्टा आम्ही सगळे मिळून देऊ. कडबा तुझ्या गोठ्याला राहील. भाव काय धरायचा, ते वहिनींना विचारून कळव.

तुझा,
जुना मित्र